मृगाच्या आधी : बारा वर्षांच्या गाडीच्या देखभालीच्या नोंदी

३ मे २०२५, शनिवार

गाडी २०१३ सालची, पेट्रोलची. मीटरवर ९८,४०० किलोमीटर. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत ती गुलमोहराखाली उभी असते आणि आठवड्यातून दोन-तीन वेळाच बाहेर पडते. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात ताम्हिणी घाटाने माणगावला जायचे आहे, त्यामुळे ७ जूनला मृग लागण्यापूर्वी तेलपाणी, ब्रेक, चाके, दिवे आणि वायपर ही सारी कामे शनिवार-रविवार धरून स्वतः करायची, असे ठरवले आहे. जी कामे हातची नाहीत, ती गॅरेजला द्यायची. असेच काम काढू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून खर्च आणि वाया गेलेला वेळ यांच्यासह या नोंदी ठेवत आहे.

आज फक्त तपासणी केली. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी मल्टिमीटरवर १२.३ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे जेमतेम साठ टक्के भरलेली. इंजिन सुरू केल्यावर आकडा १४.१ वर गेला, तेव्हा बॅटरी भरणारा अल्टरनेटर ठीक आहे. टायरमधली हवा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरप्रमाणे ३३ पाहिजे. पुढे २८ आणि २६, मागे ३० आणि ३१ निघाली. स्टेपनीत ११ होती. कूलंटची पातळी खालच्या खुणेच्या खाली आणि ब्रेक ऑइल अगदी खालच्या खुणेला टेकलेले.

घरात ब्रेक ऑइलचा न उघडलेला डबा होता, तो फोडून टाकी वरच्या खुणेपर्यंत भरली. कूलंटच्या बाटलीत नळाचे पाणी ओतले. दहा मिनिटांत दोन कामे उरकल्याचे समाधान वाटले. ही दोन्ही कामे चुकीची होती. ते कसे कळले, ते पुढच्या नोंदींमध्ये येईल.

४ मे, रविवार

इंजिन ऑइल बदलले. खरे तर सुरुवात ब्रेक आणि टायरपासून करायला हवी होती, परंतु ऑइल बदलणे सोपे, आणि काळे तेल जाऊन सोनेरी तेल आलेले डोळ्यांना दिसते, त्याचा मोह झाला.

आमच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक आहेत. पुढचे चाक उचलताना जॅकखालचा एक ब्लॉक कलला आणि जॅक तिरका झाला. चाक अजून जमिनीवरच होते, म्हणून निभावले. त्यानंतर सुताराकडून १८ मिलिमीटर प्लायवूडचे दोन फूटभर तुकडे आणले आणि जॅक व स्टँड त्यांवरच ठेवले. या धावपळीत एक तास गेला. केवळ जॅकच्या आधारावर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये; स्टँडची जोडी १,६०० रुपयांना मिळाली आणि या साऱ्या कामातला सर्वांत आवश्यक खर्च तोच होता.

इंजिन पाच मिनिटे चालवून, तेल कोमट झाल्यावर खालचा बोल्ट काढला. फिल्टर हाताने निघाला नाही, पट्टीच्या पान्याने काढला. नव्या फिल्टरच्या रबरी कडीला ताज्या तेलाचे बोट लावून तो हातानेच घट्ट केला. इथपर्यंत सारे नीट झाले. नंतर साडेतीन लिटरचा डबा पूर्ण ओतला. मॅन्युअलमध्ये फिल्टरसह ३.१ लिटर लिहिले आहे, ते मी सकाळी वाचलेही होते. डिपस्टिकवर तेल वरच्या खुणेच्या बोटभर वर आले. पातळी इतकी वर गेली की इंजिनातला फिरता दांडा, क्रँकशाफ्ट, तेल घुसळतो आणि त्याला फेस येतो, म्हणून जास्तीचे काढणे भाग होते. औषधाच्या दुकानातून ५० मिलिलिटरची सिरिंज आणि सलाइनची नळी आणली आणि डिपस्टिकच्या भोकातून आठ वेळा तेल ओढून काढले. दीड तास.

तेल, फिल्टर आणि दोन वॉशर यांचे १,६४० रुपये झाले. वॉशर दोन आणले, पण बोल्टला जुनाच लावला, कारण तो चांगला दिसत होता.

५ मे, सोमवार

सकाळी गाडीखालच्या पुठ्ठ्यावर दोन रुपयांच्या नाण्याएवढा तेलाचा डाग होता. तांब्याचा वॉशर एकदा दाबला गेला की त्याचा मऊपणा संपतो. दुसऱ्यांदा तो फट भरत नाही. ऑफिसला जाण्यापूर्वी धुतलेल्या परातीत नवे कोरे तेल पुन्हा उतरवले, वॉशर बदलला आणि तेच तेल गाळून परत ओतले. रविवारचा सिरिंजचा खटाटोप त्यामुळे पूर्णपणे व्यर्थ ठरला.

जुने तेल डब्यात भरून कोपऱ्यावरच्या गॅरेजला दिले. ते वापरलेले तेल गोळा करणाऱ्याकडे देतात. गटारात किंवा झाडाच्या आळ्यात ते कदापि ओतू नये.

१० मे, शनिवार

बॅटरीच्या धन टोकावर पांढरट-निळ्या भुकटीचा थर होता. आधी ऋण टोक सोडवले, मग धन. जोडताना याच्या उलट. क्रम असा असण्याचे कारण साधे आहे : ऋण टोक जोडलेले असताना धन टोकावरचा पाना बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट होतो. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने भुकटी काढली, कोरडे केले आणि व्हॅसलीन लावले. काम वीस मिनिटांचे होते. पण बॅटरी सुटल्यामुळे म्युझिक सिस्टीम चार आकडी कोड मागू लागली, आणि तो कोड लिहिलेले कार्ड विम्याच्या जुन्या कागदांत सापडेपर्यंत सव्वा तास गेला. आता तो आकडा मॅन्युअलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

एअर फिल्टर आणि डॅशबोर्डच्या कप्प्यामागचा केबिन फिल्टर बदलला (६३० रुपये). केबिन फिल्टरवर गुलमोहराच्या बारीक पानांचा चांगला बोटभर थर होता. त्याच वेळी ही पाने तिथवर कशी आली, असा प्रश्न पडायला हवा होता.

११ मे, रविवार

ब्रेक. आजची नोंद मोठी आहे.

पुढच्या चाकांच्या आऱ्यांतून डोकावल्यावर दोन्ही बाजूंचे बाहेरचे ब्रेक पॅड दिसतात. ते सहा मिलिमीटरच्या आसपास होते, म्हणजे बऱ्यापैकी. डावे चाक उजव्यापेक्षा काळ्या भुकटीने जास्त माखलेले होते, एवढाच फरक. शेजारी राहणारे काका दापोडीच्या एसटी कार्यशाळेतून निवृत्त झाले आहेत. ते तिथून जाता जाता थांबले आणि चाक काढायला सांगितले. मागच्या चाकांना पुढून-मागून विटा लावल्या, नट जमिनीवरच सैल केले, मग गाडी उचलून स्टँडवर टेकवली.

डाव्या कॅलिपरचा (पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा भाग) खालचा बोल्ट काढून तो वर उचलला, तेव्हा आतला पॅड दिसला. त्यावर जेमतेम दोन मिलिमीटर मसाला उरला होता, आणि तोही एका कडेला तिरका झिजलेला. बाहेरचा सहा, आतला दोन. पॅड एकाच चाकाचे, एकाच दिवशी बसवलेले. कारण हाताला लागले ते असे : कॅलिपर ज्या दोन पिनांवर आत-बाहेर सरकतो, त्यांतली खालची पिन गंजून जाम झाली होती. पिन जाम झाली की कॅलिपर सरकत नाही, पिस्टनच्या बाजूचा पॅड एकटाच डिस्क दाबत राहतो, आणि पाय काढल्यावरही तो पुरता सुटत नाही. म्हणूनच डावीकडे भुकटी जास्त होती. त्या पिनचे रबर फाटले होते आणि आतले ग्रीस सुकून त्याची तपकिरी पूड झाली होती. पिन पकडीने पिळून काढायला चाळीस मिनिटे लागली.

मी ब्रेक ऑइल आठवडाभरापूर्वी भरल्याचे काकांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "अरे, गाडी ब्रेक ऑइल पीत नाही. कमी झालं म्हणजे कुठून तरी गळतंय, नाहीतर पॅड झिजलेत. तू वरून भरलंस आणि पुरावाच पुसून टाकलास."

ते शब्दशः खरे होते. पॅड झिजतात तसे पिस्टन बाहेर सरकतात आणि त्यांच्यामागे तेल भरत जाते, म्हणून टाकीतली पातळी उतरते. खालच्या खुणेला टेकलेले तेल म्हणजे चाक उघडून बघण्याची सूचना होती, आणि मी ती डबा ओतून मिटवली होती. त्याची शिक्षाही लगेच मिळाली. नवे जाड पॅड बसवण्यासाठी सी-क्लॅम्पने पिस्टन मागे दाबला, तसे मागे आलेले तेल काठोकाठ भरलेल्या टाकीतून उतू गेले आणि मडगार्डच्या कडेवर ओघळले. ते माझ्या लक्षात येईपर्यंत अर्धा तास झाला होता. ब्रेक ऑइल रंग खाते. भरपूर पाण्याने धुतले, तरी तळहाताएवढ्या भागातला रंग फुगून सुटला. हीच सिरिंज वापरून आधी टाकीतले थोडे तेल काढून घेतले असते, तर हे टळले असते.

पिना बारीक पॉलिश पेपरने घासल्या, नवी रबरे बसवली आणि ब्रेकसाठी मिळणारे सिलिकॉनचे ग्रीस लावले. चाकांच्या बेअरिंगला लावतात ते नेहमीचे ग्रीस इथे चालत नाही. त्याने रबर फुगते आणि पिन पुन्हा जाम होते. उजवी बाजू ठीक होती, तरी पॅड दोन्हीकडचे बदलले, कारण एकाच बाजूला नवे पॅड असले की ब्रेक दाबताना गाडी एका अंगाला ओढते. पॅड, ग्रीस आणि रबरे मिळून १,६५० रुपये. चाकांचे नट मॅन्युअलप्रमाणे ८५ न्यूटन-मीटरला टॉर्क पान्याने आवळले (पाना २,४०० रुपये, तो महाग वाटला, पण पाय देऊन आवळलेला नट रस्त्यात पंक्चरच्या वेळी सुटत नाही, हे आधी एकदा अनुभवले आहे). गाडी हलवण्यापूर्वी ब्रेकचा पेडल कडक होईपर्यंत दाबत राहावे. पहिल्या तीन-चार दाबांत तो थेट तळाला जातो, आणि ते पार्किंगमध्ये कळलेले बरे.

सकाळी आठपासून दुपारी सव्वातीनपर्यंत काम चालले. दोन तासांचा अंदाज होता.

१७ मे, शनिवार

वरील प्रसंगानंतर कूलंटकडे पुन्हा पाहिले. ३ तारखेला भरलेले पाणी दोन आठवड्यांत खालच्या खुणेखाली गेले होते. या वेळी काहीही न ओतता, गार इंजिनावर टॉर्च घेऊन नळ्या तपासल्या. रेडिएटरच्या खालच्या नळीच्या क्लिपशी हिरवट-पांढरा, मिठासारखा सुकलेला थर होता. तिथून थेंब गळत होता आणि गरम इंजिनावर वाळून जात होता, म्हणून जमिनीवर डाग कधीच दिसला नाही. नळीला बोटाने दाबून पाहिले. तडा नव्हता, क्लिपच सैल पडली होती. साठ रुपयांची नवी क्लिप लावली. नळाच्या पाण्यातील क्षार आत बसू नयेत म्हणून सगळे पाणी काढून तयार मिश्रणाचे कूलंट भरले (२८० रुपये). रेडिएटरचे झाकण इंजिन तापलेले असताना उघडू नये, हे सगळ्यांना माहीत असते. तरीही दरवर्षी कुणी ना कुणी हात भाजून घेतोच.

त्यानंतर पुठ्ठ्यावर मार्करने रेघ ओढून एक तक्ता केला : तारीख, कूलंट, ब्रेक ऑइल, इंजिन ऑइल, हवा. पातळी आधी लिहायची, मगच भरायची.

१८ मे, रविवार

टायर. पुढच्या डाव्या टायरचा बाहेरचा भाग चांगला दिसत होता, मात्र स्टिअरिंग पूर्ण वळवून आतली कड पाहिली, तर ती खाचेतल्या आडव्या उंचवट्यांना टेकलेली होती. हे उंचवटे १.६ मिलिमीटरची कायद्याची मर्यादा दाखवतात. चार चाकांवर "२२२०" हा आकडा होता, म्हणजे २०२० सालच्या बाविसाव्या आठवड्यात बनलेले टायर. स्टेपनीवर "१२१३" होता : गाडीबरोबर आलेली, कधीही रस्त्यावर न उतरलेली, आणि कडेला बारीक भेगा पडलेली. नक्षी शाबूत होती म्हणून मी तिला आजवर नवी समजत होतो.

पेट्रोल पंपावरच्या गेजने २६ दाखवले, माझ्या ४५० रुपयांच्या गेजने ३०. दुकानातल्या तिसऱ्या गेजने माझ्या बाजूने कौल दिला. हवा चाके थंड असताना मोजायची असते. पंप चार किलोमीटर लांब असेल, तर तिथे पोहोचेपर्यंत टायर गरम होऊन आकडा दोन-तीनने वर गेलेला असतो.

दोन टायर घेतले, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगसह ८,२०० रुपये. दुकानदार ते पुढे बसवत होता. मी मागे बसवायला सांगितले आणि मागचे चांगले टायर पुढे घेतले, कारण ओल्या रस्त्यावर मागची पकड आधी सुटली, तर गाडी फिरते आणि ती सावरणे सामान्य चालकाच्या हातचे नसते. त्याला पटले नाही, पण त्याने बसवले. उजवीकडून काढलेला, तीन मिलिमीटर नक्षी असलेला टायर स्टेपनीच्या रिमवर चढवला. हा कायमचा उपाय नाही, तरी २०१३ च्या टायरपेक्षा बरा.

२१ मे, बुधवार

वळवाच्या पावसाने झोडपले. संध्याकाळी गाडीत बसलो, तर डावीकडच्या सीटपुढचा गालिचा पायाखाली पचपचला.

२४ मे, शनिवार

प्रथम एसीच्या पाण्याच्या नळीवर संशय घेऊन ती तारेने साफ केली. दोन तास गेले. मग लक्षात आले की या आठवड्यात एसी लावलाच नव्हता. हीटरमधून कूलंट गळत असेल, असे म्हणावे तर पाण्याला गोडसर वास नव्हता, आणि तक्त्यात कूलंटची पातळी हललेली नव्हती. म्हणजे पाणी बाहेरचेच होते.

बॉनेट उघडून वायपरखालची प्लास्टिकची जाळी काढली. काचेच्या पायथ्याशी पन्हळ असते आणि तिच्या दोन्ही टोकांना पाणी उतरण्यासाठी भोके असतात. डावीकडचे भोक दिसतच नव्हते. गुलमोहराची ती खसखशीएवढी पाने आणि लाल पाकळ्या कुजून तिथे काळ्या चिखलाचा गोळा तयार झाला होता; चमच्याने खरवडून काढल्यावर तो अर्धा वाटी भरला. पन्हळ तुंबून साचलेले पाणी केबिनची हवा ओढणाऱ्या तोंडातून आत शिरत होते. केबिन फिल्टरवरची पानेही त्याच वाटेने आली होती. १० तारखेला मी फिल्टर बदलून मोकळा झालो. जाळी त्याच दिवशी उघडली असती, तर गालिचा भिजला नसता.

तांब्याभर पाणी ओतून पाहिले. ते दोन सेकंदांत चाकाच्या मागून खाली उतरले. गालिचा उचलून खाली वर्तमानपत्रे कोंबली, पंखा लावला. वाळायला तीन दिवस लागले.

२६ मे, सोमवार

मोसमी पाऊस आजच पुणे-मुंबईत पोहोचल्याचे जाहीर झाले. मृगाच्या हिशोबाने मी हातात बारा दिवस धरले होते, ते संपले. वायपर बदलणे बाकी असताना पाऊस आला आणि डाव्या पात्याने काचेवर नेमकी डोळ्यांच्या उंचीवर रेघ सोडली. पाती ६४० रुपयांना मिळाली. जुने पाते काढल्यावर वायपरचा उघडा दांडा काचेवर आपटू नये म्हणून खाली टॉवेल टाकावा.

३१ मे, शनिवार

दिवे. एकट्याने ब्रेक लाइट पाहायचा, तर गाडी उलटी भिंतीशी नेऊन पेडल दाबावा आणि आरशात उजेड पाहावा. उजवीकडचा लागत नव्हता. बल्ब ठीक होता, होल्डर गंजला होता. घासून आणि खबरदारी म्हणून बल्बही बदलून ९० रुपयांत भागले.

मागच्या चाकांचे ड्रम उघडण्याचे आणि ब्रेक ऑइल पूर्ण बदलण्याचे काम गॅरेजला दिले (१,३०० रुपये). ड्रमच्या स्प्रिंगा मला नीट बसवता येतील, असा विश्वास वाटला नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ दर्जाचे कोरे तेल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरला की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. घाटात तापलेल्या ब्रेकमध्ये तेल उकळले, तर पेडल पोकळ होतो. आमच्या टाकीतले तेल चहाच्या रंगाचे निघाले, आणि त्यात माझे ३ तारखेचे नवे तेलही मिसळले होते.

आतापर्यंतचा खर्च : सुटे भाग आणि मजुरी १४,४९० रुपये, हत्यारे ४,४५० रुपये. मडगार्डचा रंग यात धरलेला नाही.

७ जून, शनिवार

ताम्हिणीने माणगावला जाऊन आलो. उतारावर दुसरा गिअर ठेवला आणि ब्रेक अधूनमधूनच वापरला. घाट उतरून विळ्याला चहासाठी थांबलो, तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांच्या रिमजवळ हात धरून पाहिला. दोन्हींची धग सारखीच होती. परतताना तासभर मुसळधार पाऊस होता, गालिचा कोरडा राहिला.

घरी आल्यावर तक्त्यात लिहिले : ब्रेक ऑइल वरच्या खुणेला, इंजिन ऑइल दोन खुणांच्या मध्ये, कूलंट १७ मेच्या पातळीपेक्षा नखभर खाली. काही ओतलेले नाही. क्लिप पुन्हा आवळली आहे. पुढच्या शनिवारी परत पाहायचे.